'पोलिसांनी मारलं' असा व्हिडिओ मोबाईलवर आला तर काय करायचं: खरं-खोटं कसं तपासायचं, आणि खरं निघालं तर पुरावा कसा जपायचा

रमजानचा महिना होता, तरावीहची नमाज होऊन मी दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, रात्रीचे साडेअकरा झाले असतील, तेवढ्यात व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला. खाकी वर्दीतले पाच-सहा जण एका घरातून पोरांना कॉलरला धरून बाहेर ओढायलेत, एक बाई ओरडायली, लाठ्या पडायल्यात आणि खाली लिहिलेलं "आपल्या तालुक्यात आत्ता, जास्तीत जास्त शेअर करा". मी तो पूर्ण बघितला सुद्धा नाही आणि तीन ग्रुपला पाठवून दिला. अर्ध्या तासात चौकात शे-दीडशे पोरं जमली, कुणी म्हणे ह्या मोहल्ल्यात झालं कुणी म्हणे त्या, पोलिसांची गाडी आली, पहिला दगड कुणी मारला ते अल्लालाच ठाऊक, आणि मग खरोखरचा लाठीचार्ज झाला. आमच्या शेजारचा एकोणीस वर्षांचा पोऱ्या चौकात गेलाच नव्हता, स्वतःच्या घराच्या ओट्यावर उभा होता, त्याचं मनगट मोडलं.

सकाळी बघितलं तर व्हिडिओ आपल्याकडचा नव्हताच. जीपवर हिंदीत 'पुलिस' लिहिलेलं स्पष्ट दिसत होतं, रात्री कुणाच्याच डोळ्याला दिसलं नाही. पुढचं जास्त वाईट आहे. त्या पोराचे वडील तक्रार द्यायला गेले तर त्यांना सांगण्यात आलं की रात्री फेक व्हिडिओ पसरवणारे तुम्हीच आणि आता मार बसला म्हणायले पण तुम्हीच. समोरच्या माडीवरून एकानं त्या मारहाणीची खरी क्लिप काढली होती, पण फेकच्या बोभाट्यात घाबरून त्यानं ती डिलीट केली. म्हणजे खोटा व्हिडिओ गावभर राहिला आणि खरा एकही उरला नाही.

मी पाठवलेल्या त्या एका फॉरवर्डनं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते ज्याला खरंच मार बसला त्याचं. तेव्हापासून मी हे शिकत गेलो, दुकानावर झेरॉक्स-रिचार्जला येणारे विचारतात "हे खरं हाय का भाऊ?", घरी अम्मी विचारते "ये सच्ची है क्या रे?", त्या सगळ्यांना एकदाच नीट लिहून द्यावं म्हणून हे लिहायलोय. मी वकील नाही, कायद्याचं जे लिहिलंय ते तालुका कोर्टातल्या वकिलांकडून समजून घेतलेलं आहे. तुमची केस असंल तर तुमचा वकील म्हणंल ते आधी.

पायरी १: बोट थांबवा आणि पाठवणाऱ्याला विचारा

व्हिडिओ आला की आधी वरची खूण बघा. 'फॉरवर्ड' सोबत दोन बाण दिसले तर तो मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेला असतो, २०२० पासून असला मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं. आता "पाच मिनिटांपूर्वी आपल्या गल्लीत" असा दावा आहे आणि वर दोन बाण आहेत, तर जरा डोकं लावा, पाच मिनिटांत एवढा फिरला कसा.

मग पाठवणाऱ्याला सरळ विचारा: तू स्वतः काढला का? नाही तर कुणी दिला? तो तिथं हजर होता का? राग यायचं काही कारण नाही, प्रेमानं विचारायचं. बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या माणसापाशी साखळी तुटते, "दुसऱ्या ग्रुपवर आला होता" एवढंच उत्तर मिळतं. तोवर व्हिडिओ डिलीट करू नका, फक्त पुढं पाठवू नका. पुढं खरा निघाला तर लागंल.

पायरी २: आवाज बंद करून एकदा बघा, मग डोळे मिटून फक्त ऐका

हे मला एका वार्ताहरानं शिकवलं आणि फार कामाचं निघालं. ओरडण्याचा आवाज असला की आपण पडद्यावरचं नीट बघतच नाही.

आवाज बंद करून काय बघायचं? गाडीवरची, बॅरिकेडवरची अक्षरं. मराठीत 'पोलीस' लिहितात, हिंदी पट्ट्यात 'पुलिस'. उत्तर प्रदेशच्या गाड्यांवर यूपी ११२ असं मोठं लिहिलेलं असतं. नंबर प्लेट दिसली तर लगेच कळतं, आपल्या मराठवाड्यात: एमएच २० संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, ३८ हिंगोली. कोलकाता शहर पोलिसांची वर्दी पांढरी असते, पाकिस्तानातल्या पंजाब पोलिसांची आधी काळा शर्ट आणि खाकी पँट होती, २०१७ पासून हिरवट झाली. पण एक ध्यानात ठेवा, केंद्रातून आलेल्या दलांच्या गाड्यांवर हिंदी असू शकतं, निळसर ठिपक्यांच्या वर्दीतलं द्रुत कृती दल महाराष्ट्रातपण येतं, त्यामुळं एका खुणेवर निकाल देऊ नका, दोन-तीन जुळायला पाहिजेत. दुकानाच्या पाट्या, विजेचे खांब, घरांची छपरं, झाडं, सावली. व्हिडिओत सगळ्यांच्या अंगात स्वेटर आणि आपल्याकडं मे महिन्याचं ऊन, एवढं साधं सुद्धा लोक बघत नाहीत.

मग डोळे मिटून ऐका. कोण कसं बोलतंय? आपल्या इकडच्या मुसलमानाच्या तोंडी दखनी येते, 'नक्को', 'हौ', 'कायकू'. मार खाताना माणूस आपल्या घरच्या भाषेत ओरडतो. मागून बंगाली किंवा पूर्वेकडची हिंदी ऐकू आली तर तो मोंढ्यातला व्हिडिओ नाही. आवाज वरून चिटकवलेला पण असतो, तोंडं हलायलीत एक आणि ऐकू येतंय भलतंच.

मॉक ड्रिल हा एक वेगळाच प्रकार आहे. झारखंडच्या खुंटी पोलिसांनी केलेल्या सरावाचा व्हिडिओ २०१७ पासून पोलीस गोळीबार म्हणून वेगवेगळ्या राज्यांच्या नावानं फिरला, त्यात माणसं गोळी लागून पडतात, उचलून नेतात, सगळं खरं वाटतं. अशा व्हिडिओत कडेला लोक निवांत उभं राहून बघत असतात, आजूबाजूला पळापळ नसते, तिथं नजर टाका. आणि आता एआयनं बनवलेलं पण यायलंय, त्यात पाटीवरची नाहीतर बिल्ल्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत, हाताची बोटं विचित्र वळतात, लाठी मधेच जाड-बारीक होते. पण हे तंत्र रोज सुधरायलंय, म्हणून खुणा सापडल्या नाहीत एवढ्यावर खरं मानू नका.

पायरी ३: व्हिडिओ आधी कुठं आला होता ते शोधा

व्हिडिओ थांबवून जिथं पाटी, गाडी किंवा चेहरा स्पष्ट आहे तिथं तीन-चार स्क्रीनशॉट काढा. वरचं लिहिलेलं कॅप्शन कापून टाका. एकेक स्क्रीनशॉट गूगल लेन्सला द्या. दोन-चार वर्षांपूर्वीच्या पोस्टमध्ये तोच फोटो दिसला की विषय संपला, 'आत्ता'चा दावा खोटा. कॉम्प्युटर असंल तर इनव्हिड नावाचं फुकटचं साधन ब्राउजरला जोडता येतं, ते व्हिडिओची चित्रं आपोआप वेगळी करून देतं. नाहीच सापडलं तर हिंदीत आणि इंग्रजीत दोन-तीन शब्द टाकून शोधा, 'पोलीस, लाठीचार्ज, घर' असं, सोबत 'फॅक्ट चेक' जोडा. ऑल्ट न्यूज, बूम बघा, आणि न्यूजचेकर, फॅक्ट क्रेसेंडो हे मराठीतपण लिहितात. पीआयबीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रसिद्धी खात्याचं, फॅक्ट चेक फक्त केंद्र सरकारच्या बाबतीतल्या दाव्यांचं असतं, गल्लीतल्या लाठीचार्जचं उत्तर तिथं शोधत बसू नका.

हे काम दहा मिनिटांचं आहे, आणि ते न केल्यानं काय होतं ते आपण दोन-तीनदा बघितलंय. २०१२ च्या ऑगस्टमध्ये आसाम आणि म्यानमारमधल्या मुसलमानांवरचे अत्याचार म्हणून जे फोटो फिरले त्यात एक होता मृतदेहांच्या रांगांमध्ये उभ्या बौद्ध भिक्खूंचा, तो खरं तर २०१० च्या तिबेटी भागातल्या भूकंपाचा, भिक्खू तिथं मदतीला गेले होते. ११ ऑगस्टला मुंबईत आझाद मैदानावर त्याच रागातून मोर्चा निघाला, हिंसा झाली, पोलिसांच्या गोळीबारात दोन जण गेले, कितीतरी पोलीसपण जखमी झाले. म्यानमारमध्ये अत्याचार झाले नव्हते का, तर झाले होते. पण लोकांना आठवतो तो खोटा फोटो.

दुसऱ्या बाजूनं पण हेच होतं. २०१३ ला मुजफ्फरनगरला जो व्हिडिओ मुसलमानांनी दोन हिंदू पोरांना मारल्याचा म्हणून फिरवला तो पाकिस्तानातल्या सियालकोटचा २०१० चा होता. त्यानंतर जी दंगल झाली ती सगळ्या देशाला माहीत आहे.

आणि नांदेडला फार जुनं झालेलं नाही. १२ नोव्हेंबर २०२१, त्रिपुरातल्या हिंसेच्या निषेधाचा बंद, अमरावती-मालेगाव-नांदेडला दगडफेक झाली, नांदेडमध्ये पोलीस जखमी झाले, नंतर पोरांची धरपकड झाली. त्रिपुरात ऑक्टोबरमध्ये खरंच मोडतोड झाली होती, पण त्या सोबत फिरलेला जळालेल्या कुराणाचा एक फोटो दिल्लीतल्या रोहिंग्यांच्या छावणीला जूनमध्ये लागलेल्या आगीचा होता. ज्या पोरांवर केसेस झाल्या त्यांच्या आया तारखेला कोर्टाच्या आवारात बसून असतात, आणि फोटो टाकणारा कोण ते कुणालाच माहीत नाही.

पायरी ४: व्हिडिओ खरा आणि सांगितलेली गोष्ट खोटी, हे जास्त अवघड

इथं मी पण फसतो अजून. क्लिप खरीच असते, जागा बरोबर, तारीख बरोबर, पण सुरुवात कापलेली असते नाहीतर शेवट. दिल्लीत १५ डिसेंबर २०१९ ला जामिया विद्यापीठाच्या लायब्ररीत पोलीस घुसले, त्याचं फुटेज फेब्रुवारी २०२० मध्ये बाहेर आलं. त्यात एका विद्यार्थ्याच्या हातात दगड आहे असं मोठमोठ्या चॅनेलनी सांगितलं. नीट बघितल्यावर निघालं पैशाचं पाकीट. एका पाकिटाचा दगड केला की लाठी योग्य ठरते, हे असं चालतं.

म्हणून विचारा: क्लिप किती सेकंदांची आहे? मारहाणीच्या आधी काय? मार खाणारा कोण हे कुणी सांगितलं, व्हिडिओत दिसतंय का फक्त कॅप्शनमध्ये लिहिलंय? नाव-धर्म हे नेहमी कॅप्शनमधून येतं. पालघरच्या गडचिंचल्यात एप्रिल २०२० ला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावानं मारले, लगेच त्याला मुसलमानांचा रंग दिला गेला, शेवटी त्यावेळच्या गृहमंत्र्यांना पकडलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही. त्याच महिन्यांत तबलिगी जमातीनं कोरोना पसरवला म्हणून काय काय फिरलं ते आठवतंय ना, भाजीवाल्यांना गल्लीत येऊ देईनात. त्या प्रकरणात परदेशी तबलिगींवरचे गुन्हे आपल्याच औरंगाबाद खंडपीठानं २१ ऑगस्ट २०२० ला रद्द केले आणि निकालात लिहिलं की या लोकांना बळीचा बकरा बनवलं गेलं, मीडियानं त्यांच्याविरुद्ध मोठा प्रचार केला. तो निकाल किती ग्रुपवर फॉरवर्ड झाला? माझ्या एकाही नाही.

पायरी ५: दोन माणसांना फोन, आणि 'फेक आहे' हे सुद्धा तपासा

इंटरनेटवर शोधून झालं की जमिनीवर विचारा. ज्या गल्लीचं नाव आलंय तिथले दोन जण, एकमेकांच्या ओळखीचे नसलेले. तालुक्याचा वार्ताहर. शांतता समितीतलं कुणी. पोलीस ठाण्याला किंवा ११२ ला फोन करून विचारा, काही झालंय का. २९ मार्च २०२३ च्या रात्री संभाजीनगरला किराडपुऱ्यात राम मंदिराजवळ गाड्या जळत होत्या, पोलिसांच्या गोळीबाराच्या बातम्या यायल्या होत्या, एक माणूस पुढं दवाखान्यात वारला, तेव्हा मंदिरावर हल्ला झाल्याची अफवा उठली. त्यावेळचे खासदार इम्तियाज जलील यांनी मंदिरातूनच व्हिडिओ करून सांगितलं की मंदिराला काही झालेलं नाही. त्या एका व्हिडिओनं अजून काय काय थांबलं असंल. जागेवर उभा असलेला, चेहरा दाखवून बोलणारा माणूस शंभर फॉरवर्डपेक्षा भारी.

पण उलटं पण सांगतो. पोलीस म्हणाले फेक आहे, म्हणजे फेक आहे असं नाही. जून २०२२ मध्ये सहारनपूरला कोठडीत पोरांना मारतानाचा व्हिडिओ फिरला, आधी सांगितलं गेलं की तो तिथला नाहीच, पोरांच्या घरच्यांनी पोरं ओळखली, आणि नंतर पुराव्याअभावी कोर्टानं ती पोरं सोडून दिली. पोलीस हे त्या घटनेतला एक पक्ष असतात, त्यांचं म्हणणं ऐकायचं, लिहून घ्यायचं आणि बाकीच्यांसारखंच तपासायचं.

आपल्या भागात अफवा पेट का घेते याचं एक जुनं कारण आहे. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांसमोर 'पुलिस ॲक्शन' हा शब्द काढून बघा. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा निजामाच्या राज्यात आल्या, १७ तारखेला आपण मुक्त झालो, रझाकारांनी त्या आधी जे केलं ते केलंच, पण नंतर मुसलमान वस्त्यांवर जे झालं त्याच्या चौकशीला पंडित सुंदरलाल यांची समिती नेहरूंनी पाठवली होती. तिनं कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपलं उस्मानाबाद आणि नांदेड होतं. ज्या घरात ह्या गोष्टी आजीनं दबक्या आवाजात सांगितल्या त्या घरात रात्री साडेअकराला असा व्हिडिओ आला तर हात कापतो. त्या माणसाला "तुम्ही लोक लगेच भडकता" म्हणू नका, त्याच्यासोबत बसून व्हिडिओ तपासा.

खोटा निघाला तर

ज्या ज्या ग्रुपवर टाकला त्याच ग्रुपवर सांगा, नुसतं 'डिलीट फॉर एव्हरीवन' करून गप बसू नका, कारण तोवर तो दहा ठिकाणी सेव्ह झालेला असतो. व्हॉइस नोट करा, मराठीत एक आणि दखनीत एक, वीस सेकंदांची: हा व्हिडिओ अमक्या ठिकाणचा, अमक्या साली आलेला, आपल्या गावात काही झालेलं नाही, मी आत्ता अमक्या चौकात उभा आहे. खोटा व्हिडिओ परत जोडू नका, स्क्रीनशॉट टाकायचा तर त्याच्यावर आडवं 'खोटं' लिहून टाका. रात्रीच्या वेळी मशिदीतल्या जबाबदार माणसाला आणि मंदिर कमिटीतल्या माणसाला दोघांनाही फोन करा. ॲडमिन असाल तर दोन-तीन तास 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' ही सेटिंग लावा. सदस्यानं काही टाकलं म्हणून केवळ ॲडमिन आहे एवढ्यावर गुन्हा लागत नाही, नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तसं सांगितलंय, पण त्यात तुमचापण हात असंल तर सुटका नाही. आणि पोस्ट टाकणाऱ्यानं भारतीय न्याय संहितेची कलमं १९६, २९९, ३५३ ध्यानात ठेवावीत, दोन समाजांत वैर, धर्मभावना, अफवा. मोडक्या मनगटाच्या रागात लिहिलेली एक ओळ पोराच्या नोकरीवर येते.

खरा निघाला तर: आधी समजून घ्या की कुठला बळ कायद्यातला आणि कुठला नाही

जमाव पांगवायला पोलिसांना बळ वापरता येतं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४८. पण आधी पांगायचा हुकूम द्यावा लागतो, आणि न पांगल्यावर बळ, ते पण लागंल तेवढंच. पळून जायलेल्याला गाठून मारणं, घरात घुसून मारणं, पकडून बसवल्यावर मारणं, याला जमाव पांगवणं म्हणत नाहीत. म्हणून साक्ष लिहिताना हेच लिहा: भोंग्यावरून सूचना दिली का, कितीदा, माणूस त्या वेळी काय करत होता, त्याच्या हातात काही होतं का, तो पळत होता का बसलेला. 'पोलिसांनी लई मारलं' एवढ्यानं कोर्टात काही होत नाही.

व्हिडिओनं काय होतं ते गुजरातच्या खेडा जिल्ह्यात बघा. ऑक्टोबर २०२२, उंधेला गावात मुसलमान पोरांना खांबाला धरून भर चौकात लोकांसमोर लाठीनं मारलं, लोक टाळ्या वाजवत होते. त्याच व्हिडिओवरून न्यायदंडाधिकाऱ्यांनी पोलीस ओळखले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये हायकोर्टानं चौघांना १४ दिवसांची कैद सुनावली, तिला पुढं सुप्रीम कोर्टात स्थगिती मिळाली, पण तिथं न्यायमूर्तींनी विचारलंच की खांबाला बांधून मारायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी. दिल्लीत फेब्रुवारी २०२० ला जखमी पोरांना रस्त्यावर पाडून राष्ट्रगीत म्हणायला लावल्याचा व्हिडिओ, त्यातला एक पोरगा दोन दिवसांत गेला, आईनं चार वर्षं लढून जुलै २०२४ मध्ये तपास सीबीआयकडं नेला. तो व्हिडिओ कुणी डिलीट केला असता तर?

पुरावा कसा जपायचा

शूट करताना लांबून करा, मधे जाऊ नका, पोलिसांच्या कामात अडथळा आणला असं म्हणायला जागा देऊ नका. मोबाईल आडवा धरा. आधी सगळी गल्ली, मग माणसं, मग बिल्ल्यावरचं नाव आणि गाडीचा नंबर. तोंडानं तारीख, वेळ, जागा बोला. झूम करत बसू नका, हलतं. थांबवून थांबवून काढू नका, सलग असू द्या.

मूळ फाईल ज्या मोबाईलवर काढली त्याच मोबाईलवर राहू द्या, मोबाईल विकू नका, फॉरमॅट मारू नका. गाणं लावू नका, कापू नका, वर लाल बाण काढू नका. वकिलाला द्यायचा तर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून नाही, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबून छोटं करतं आणि आतली तारीख-वेळेची माहिती जाते. एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक ड्राइव्हवर. कोर्टात चालवायला साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते, ती म्हणजे फाईलच्या बोटाचा ठसा समजा, एक सेकंद कापलं तरी बदलते. ज्यानं काढला त्याचं नाव सगळ्या गावाला सांगायची गरज नाही, फक्त वकिलाला.

ठाण्यात रेकॉर्डिंग केलं म्हणून सरकारी गोपनीयता कायद्याचा गुन्हा लावायची धमकी देतात. औरंगाबाद खंडपीठानं २०२४ मध्ये पाथर्डी ठाण्याच्या प्रकरणात सांगितलंय की पोलीस ठाणं ही त्या कायद्यातली 'निषिद्ध जागा' नाही. तरी हुज्जत घालू नका, निकाल वकिलाला सांगायला लावा. आणि ठाण्यातला सीसीटीव्ही: सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० मध्ये सगळ्या ठाण्यांत आवाजासकट कॅमेरे लावायला आणि फुटेज १८ महिने, किमान एक वर्ष, ठेवायला सांगितलंय. दुसऱ्याच दिवशी लेखी अर्ज द्या की अमक्या तारखेचं, अमक्या वेळेचं फुटेज जपून ठेवा, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं फुटेज नेमकं त्याच दिवशी बंद पडलेलं असतं.

ज्याला लागलंय त्याचं आधी

खरं तर ही पहिली पायरी, पण लोक व्हिडिओतच अडकतात. सरकारी दवाखान्यात न्या, एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून जखमांची नोंद, करायला सांगा, मोठी जखम असंल तर संभाजीनगरच्या घाटी दवाखान्याला. डॉक्टरला 'पडलो' म्हणू नका. भीतीनं शंभरातले नव्वद 'पडलो' म्हणतात आणि केस तिथंच मरते. कशानं मारलं, कुणी मारलं, किती वाजता, ते केसपेपरवर लिहून घ्या. वळांचे फोटो त्याच दिवशी, आणि दोन-तीन दिवसांनी परत, कारण निळे डाग नंतर उमटतात. शेजारी पट्टी नाहीतर नाणं ठेवून काढा.

पकडून नेलं असंल तर घरच्यांनी ठाण्यावर जाऊन अटकेचा पंचनामा, कारणं आणि वेळ विचारावी. नातेवाइकांना कळवणं, वकिलाला भेटू देणं, सरकारी डॉक्टरकडून तपासणी, त्या रिपोर्टची प्रत, हे सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालापासून, म्हणजे १९९६ पासून चालत आलंय आणि आता नव्या संहितेत आहे, आणि २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं हजर करणं तर संविधानातच आहे. कोर्टात उभं केल्यावर साहेब विचारतात, पोलिसांबद्दल तक्रार आहे का? त्या वेळी बोला. शर्ट वर करून दाखवा. तिथं 'नाही' म्हटलं की पुढं सगळे तेच 'नाही' दाखवतात. वकील नसंल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० नंबर आहे, फुकट वकील मिळतो.

तक्रार

ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी, स्पीड पोस्टानं, पावती सांभाळा. तिथंपण नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७५. पोलिसांविरुद्ध असंल तर वरिष्ठांचा अहवाल मागवतात, वेळ लागतो, हे आधीच मनाशी धरा. सोबत राज्य मानवी हक्क आयोग, एक वर्षाच्या आत, आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. राष्ट्रीय आयोगाचा नंबर १४४३३.

काही होत नाही म्हणणाऱ्याला परभणी सांगा. डिसेंबर २०२४, संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर धरपकड झाली, सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, वडार समाजातला, न्यायालयीन कोठडीत १५ डिसेंबरला गेला. शवविच्छेदनात अनेक जखमा निघाल्या. त्याच्या आईनं माघार घेतली नाही, ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायला सांगितलं, महिनाअखेरीला सुप्रीम कोर्टानं ते कायम ठेवलं. त्याच परभणीचा ख्वाजा युनूस, इंजिनिअर, २००३ मध्ये मुंबई पोलिसांच्या कोठडीतून 'पळाला' म्हणून सांगितलं गेलं, त्याच्या आईचीपण वाट बघण्यात वर्षांमागून वर्षं गेली. दोन्ही आया एकाच जिल्ह्यातल्या. म्हणून मला ह्या विषयात मुसलमानांचं वेगळं आणि दलितांचं वेगळं असं करवत नाही, अर्ज तोच आहे, कलमं तीच आहेत.

इंटरनेट बंद व्हायच्या आधी

गडबड झाली की नेट बंद करतात, तेव्हा मोबाईलमध्ये सेव्ह केलेली लिंक काही कामाची नाही. म्हणून एक कागद करून ठेवा: दोन वकिलांचे नंबर, सरकारी दवाखाना, ॲम्ब्युलन्स १०८, पोलीस ११२, विधी सेवा १५१००, दोन्ही बाजूंच्या दोन-दोन जाणत्या माणसांचे नंबर, मागच्या बाजूला सीसीटीव्हीच्या अर्जाचा मजकूर, तारीख-वेळेची जागा कोरी सोडून. भिंतीवर दाराच्या मागं चिटकवा. आमच्या शेजारी, त्याच ओट्याच्या घरात, तो दाराच्या आतून लावलेला आहे. पावसाळ्यात कागद ओला होतो म्हणून लॅमिनेशन करून घ्या, आमच्या दुकानात ह्या कागदाच्या लॅमिनेशनचे पैसे मी कुणाकडून घेत नाही.